सावरीच्या कापसाची उशी

शुक्रवार, २ सप्टेंबर १९२७. सकाळी ढग, दुपारी उघडीप. नथ्थू पनागरहून भाज्या घेऊन आला. दोन पडवळं किडकी निघाली, परत केली. फुलोऱ्याचा मैदा चाळून ठेवला. शकुच्या दाढा येत आहेत, दिवसभर किरकिर. संध्याकाळी पाच वाजता वहिनी बाजूला बसल्या.

माझ्या डायरीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. तिच्यातले शेवटचे वाक्य खोटे आहे. पन्नासहून अधिक वर्षे मी रोज डायरी लिहीत आले. तापात लिहिली, बाळंतपणात लिहिली, हे गेले त्या दिवशीही चार ओळी लिहिल्या. त्या सगळ्या वह्यांत जाणूनबुजून लिहिलेले खोटे वाक्य हे एकच.

विनतावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. विष्णुपंत भाऊजींशी लग्न होऊन त्या आर्वीहून जबलपूरला आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. मी बावीस साली दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात आले, तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात अठरा वर्षे झाली होती. उंचीने लहान, हाताने चपळ. पुरण शिजले की नाही हे त्या झाकण न काढता आवाजावरून सांगत. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, सोवळ्याच्या फार कडक. देवाचा आणि पितरांचा स्वयंपाक त्या वहिनींशिवाय कोणाच्या हातचा चालवून घेत नसत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या सोवळ्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. "ही ओलेतं नेसून उभी राहिली तरी मला मडमेचा वास येतो," असे त्या शेजारणीला माझ्यासमोर सांगत.

त्यामुळे सण आला की घरात एकच बाई राबे. श्रावण लागला की वहिनी स्वयंपाकघरात शिरत त्या दिवाळी संपल्यावर बाहेर पडत, असे म्हटले तरी चालेल. सोवळ्यात असताना त्यांना कोणाला शिवता येत नसे. मुले उंबऱ्याबाहेरून हाका मारीत आणि त्या आतून नुसते "हो रे" म्हणत.

आमच्या शाळेत नाताळाच्या वेळी एक रीत होती. धोबीखान्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. सणासुदीला सगळ्या शाळेची कपड्यांची रास त्यांच्या अंगावर पडे. एका नाताळाला आम्ही मुलींनी मिळून त्यांना लोकरीचे मऊ सपाते विणून दिले. त्यांनी ते तिथेच पायात घातले आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. सणात जे माणूस सगळ्यांत जास्त राबते, त्याला त्याच्या एकट्याच्या सुखाचे काहीतरी द्यावे, हे मी तिथे शिकले. आमच्या घरी सणाला बायकांना लुगडी, खण मिळत. पण ते नेसून पुन्हा कामालाच उभे राहायचे.

म्हणून लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत मी वहिनींना सुवासिक साबणाची वडी दिली. आत्याबाईंनी ती नाकाशी नेली आणि लांब धरली. "ह्यात चरबी असते. न्हाणीघरात ठेवशील तर न्हाणीघर धुवावं लागेल." न्हाणीघर धुणार कोण, तर वहिनीच. पुढच्या वर्षी मी डोकेदुखीवर लावायला लव्हेंडरची बाटली आणली. "दारू आहे ह्यात," आत्याबाई म्हणाल्या. तेही खरेच होते. त्याच्या पुढच्या वर्षी मी सावरीच्या कापसाची उशी शिवली. कापूस हाताने पिंजला, अभ्र्यावर जांभळी फुले भरली. आत्याबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती पाहुण्यांच्या तख्तावर ठेवली. वहिनी रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकीत.

सत्तावीस सालच्या आषाढात वहिनींना मागच्या वर्षीसारखाच हिवताप झाला. एक दिवसाआड थंडी भरे. त्या कुडकुडत घोंगडीत शिरत आणि घाम येऊन गेला की उठून कणीक मळत. क्विनिनने ताप उतरला, पण पायांवर सूज राहिली. ऑगस्टच्या शेवटी विहिरीच्या पायरीवर त्या घागरीसकट बसल्या आणि त्यांना उठता येईना. मी धावले.

"लागलं का हो वहिनी?"

"नाही गं. बसल्यावर बरं वाटून राहिलं, म्हणून बसली." त्या हसल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, "शनिवारी महालक्ष्म्या. सोळा भाज्या, फुलोरा, चाळीस पानं. कुंदा, ह्या वर्षी मी चुलीपाशीच पडते का काय गं?"

मी म्हटले, "ह्या दिवाळीला तुम्हाला काय देऊ, खरं सांगा."

"वस्तू नको बाप्पा. तुझ्या वस्तू मला पुसाव्या लागतात." मग म्हणाल्या, "द्यायचंच तर तीन दिवस दे."

त्या थट्टेत म्हणाल्या. पण आम्ही दोघींनी एकदमच मागच्या खोलीकडे पाहिले.

ती खोली गोठ्याला लागून होती. महिन्याचे तीन दिवस घरातली बाई तिथे बसे. तिला कोणी शिवायचे नाही, तिने कशाला शिवायचे नाही, आणि मुख्य म्हणजे तिला कोणी काम सांगायचे नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात येई. आमच्या घरात बाईला निजायला मिळे ते तेवढेच तीन दिवस.

आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पण मी वहीत सगळे टिपते हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांनी उपयोग करून घेतला होता. सण जवळ आला की त्या मला म्हणत, "वही काढ. तुमचं दोघींचं कधी येतं ते सांग." त्यावरून सोवळ्याची वाटणी ठरे. माझ्या वहीवर त्यांचा विश्वास होता. माझ्यावर नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी मागच्या खोलीत जाऊन बसल्या, तेव्हा आत्याबाई अंगणात आल्या त्या कपाळाला हात लावूनच.

"उद्या महालक्ष्म्या यायच्या अन् ही आज बसली? गोकुळाष्टमीला तर बसली होती! पंधरा दिवस झाले फक्त. असं काहून होईल?"

"तापामुळे असेल," मी म्हटले.

"वही काढ."

मी मागच्या वर्षाची वही आणली. मधलेच एक पान उघडले आणि त्यावर नसलेले वाक्य वाचले: "हिवताप उतरल्यावर वहिनी सतराव्या दिवशी पुन्हा बाजूला." त्या पानावर प्रत्यक्षात सतरंज्या उन्हात घातल्याची नोंद होती.

आत्याबाईंनी मान हलवली. "अच्छा. म्हणजे दुखणंच हे. ह्या खेपेला चालवून घेते. पण पुन्हा असं महिन्यात दोनदा झालं, तर मी हिला आर्वीला भावाकडे पाठवते, चांगली बरी होईस्तोवर. मुलं इथं राहतील. दुखणेकरी बाई सोवळ्यात चालत नाही."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांच्या परीने ती काळजीच होती. वहिनींनी ते खिडकीतून ऐकले. त्यांची धाकटी शकु तेव्हा दोन वर्षांची होती.

मी मनातल्या मनात हिशेब केला होता. वहिनींचे खरे दिवस पंधरा-सोळा सप्टेंबरला येणार. त्या वेळी घरात सण नव्हता. पितृपक्षात मामंजींचे, म्हणजे आमच्या सासऱ्यांचे, श्राद्ध असे. ते मी मागच्या वर्षीच्या वहीत पाहून घेतले: २६ सप्टेंबर. मध्ये भरपूर दिवस होते. खऱ्या दिवसांत वहिनींनी वरवरची कामे करायची, काहीतरी निमित्त काढून देवघराकडे जायचे टाळायचे, रांधायला मी पुढे व्हायचे, असे आम्ही ठरवले. वहिनींनी एकदाच विचारले, "पाहिलंस ना नीट?" मी म्हटले, "वहीत आहे."

आता त्या तीन दिवसांबद्दल.

तख्तावरची उशी मी फुलोऱ्याच्या गडबडीत उचलली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवली. साबणाची वडी आणि लव्हेंडरची बाटली माझ्या ट्रंकेत पडून होती, तीही ठेवली. त्या खोलीत सगळे विटाळलेलेच. तिथे चरबी चालत होती, दारू चालत होती. घरभर ज्यांना जागा मिळाली नव्हती त्या माझ्या सगळ्या भेटींना तिथे जागा मिळाली.

शनिवारी वहिनी सकाळी निजल्या त्या दिवेलागणीला उठल्या. मी दोनदा खिडकीतून पाहिले. उशीत तोंड खुपसून, हात दोन्हीकडे टाकून. लहान मुलीसारख्या दिसत होत्या.

आणि मी स्वयंपाकघरात होते; दुसरे कोणी नव्हते म्हणून आत्याबाईंचा नाइलाज झाला होता. पाच वर्षे मी ते उंबऱ्याबाहेरून पाहिले होते. ओले लुगडे अंगावर वाळवायचे. धुराने डोळे गळले तरी पदराने पुसायचे नाहीत, पदर ओवळा होतो. तहान लागली तर बाहेर येता येत नाही, आले तर पुन्हा आंघोळ. आत्याबाई पाटावर बसून माझ्या हातांकडे पाहत होत्या. तेलात करंजी फुटली.

"तुझ्या मडमांनी करंजी शिकवली नाही वाटतं?"

दुसरी फुटली. तेवढ्यात मागच्या खिडकीतून आवाज आला, "कुंदा, कडेला पाणी नको, दूध लाव!"

"बाजूला बसलेल्या बाईने चुलीकडे तोंड करू नये!" आत्याबाई ओरडल्या.

"तोंड भिंतीकडेच आहे आत्याबाई. वासावरून सांगून राहिली."

आत्याबाईंना हसू आले. ते त्यांनी खोकून लपवले.

रविवारी जेवणे चार वाजता झाली. माझे पाय सुजले होते. शकु दारापाशी रडून रडून दमली, तेव्हा तिचे कपडे काढून तिला वहिनींकडे सोडली. अंगावर वस्त्र नसले की लहान मुलाला विटाळ लागत नाही, अशी समजूत होती. मी पान ठेवायला गेले तर दोघी उशीवर डोके टेकून पडल्या होत्या. खोलीला लव्हेंडरचा वास येत होता. शेणाच्या गोवऱ्यांचाही.

"कसं वाटतं वहिनी?"

"काल बरं वाटत होतं. आज नुसतं पडून डोळे उघडे. तू कुठलं भांडं कुठे ठेवलंस ते आवाजावरून कळून राहिलं. कढीचं पातेलं चुकीच्या फळीवर ठेवलंस." मग त्या हळूच म्हणाल्या, "इथून उठली की तिथे जाऊन उभं राहायचं. तिथून सुटली की इथे. तिसरी जागाच नाही ना गं आपल्याला?"

मी आंघोळीला गेले.

सोमवारी महालक्ष्म्या गेल्या. मंगळवारी वहिनी चुलीपाशी परत आल्या. सूज उतरली होती, गालावर थोडा रंग होता. दिलेली भेट उपयोगी पडली, याचा मला अभिमान वाटला.

तो दहा दिवस टिकला. गुरुवारी, पंधरा तारखेला, आत्याबाई म्हणाल्या, "उद्या पंचमी. ब्राह्मणांना सांगून आला विष्णू. खिरीचे तांदूळ निवडून ठेवा."

मी म्हटले, "श्राद्ध सव्वीसला ना?"

वेड्याकडे पाहावे तसे आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. "सव्वीस काय? श्राद्ध तारखेने असतं का? तिथी मागच्या वर्षी जिथे होती तिथेच बसून राहील?"

मी इंग्रजी तारखांत वाढलेली. अधिक महिना नसला की तिथी दहा-अकरा दिवस मागे सरकते, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पंचांग देवघरात खुंटीला टांगलेले होते. मी ते पाहिलेच नव्हते, मागच्या वर्षीची डायरी पाहिली होती. आणि वहिनींना तारखा कळत नव्हत्या. 'वहीत आहे' म्हटल्यावर त्यांनी बोटांवर मोजणे सोडून दिले होते.

शुक्रवारी पहाटे मी विहिरीवर गेले तर वहिनी रिकामी घागर घेऊन उभ्या. त्यांनी पाण्याला हात लावला नव्हता.

"कुंदा, आज खरंच आलं."

मी आजूबाजूला पाहिले. पुन्हा बसल्या तर महिन्यात दोनदा झाले असे होणार. आर्वीचा तो भाऊ, ती भावजय, आणि शकु इथे. बसल्या नाहीत तर श्राद्धाचा स्वयंपाक त्यांच्याच हातून होणार. आत्याबाई त्या दिवशी दुसऱ्या कोणाला चुलीपाशी येऊ देणार नव्हत्या.

मी म्हटले, "वहिनी, आंघोळ करा आणि रांधा. कोणाला कळणार आहे? मी वहीत लिहिणार नाही."

"वही तुझी आहे," त्या म्हणाल्या. "मामंजी माझे होते."

मामंजींना मी वर्षभरच पाहिले होते. वहिनींनी मला सांगितले होते की अकराव्या वर्षी त्या ह्या घरात आल्या तेव्हा मामंजी रोज दुपारी त्यांना ओसरीवर समोर बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. आतून हाक आली की म्हणत, "थांब, पोरगी ऐकून राहिली आहे." पोरीला त्यातले एक अक्षर कळत नसे. ती खांबाला टेकून झोपत असे. मामंजी वाचत राहत.

"त्यांच्या पिंडाचा भात मी अशी शिजवू?" वहिनी म्हणाल्या. "मला जमणार नाही गं. जे होईल ते होईल."

घागर तिथेच ठेवून त्या अंगणात गेल्या. आत्याबाई तुळशीपाशी होत्या. वहिनी लांब उभ्या राहून म्हणाल्या, "आत्याबाई, मी आज बाजूला आहे. महालक्ष्म्यांच्या वेळी नव्हती. तेव्हा खोटं बसली होती. मला निजायचं होतं."

आत्याबाईंनी हातातला तांब्या तुळशीपाशी ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तू वाचून दाखवलं होतं."

"ते वहीत नव्हतं," मी म्हटले.

"मग इतकी वर्षं काय काय नव्हतं?"

त्याला माझ्याजवळ उत्तर होते; बाकी सगळे खरे होते. पण ते त्या वेळी कोण ऐकणार?

"जा, न्हा," त्या मला म्हणाल्या. "आधी श्राद्ध."

स्वयंपाक आत्याबाईंनी स्वतः केला. पासष्ट वर्षांच्या होत्या. मी हाताशी होते. दिवसभरात त्या मला 'हे दे' आणि 'ते ठेव' एवढेच बोलल्या. मामंजींच्या पानावर खीर वाढताना त्यांचा हात थोडा थांबला. ब्राह्मण जेवून गेले, विष्णुपंत भाऊजी आणि हे जेवले, आम्ही जेवलो. मग आत्याबाई अंगण ओलांडून मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. तिकडे त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. मी मागे उभी होते.

वहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत्याबाईंनी उशी पाहिली, बाटली पाहिली.

"झोप लागली होती का तुला? त्या वेळी?"

वहिनी गोंधळल्या. "हो, आत्याबाई."

"किती?"

"पहिल्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत."

आत्याबाई उभ्याच राहिल्या. पावसाची भुरभुर सुरू झाली होती, तरी त्या आडोशाला सरकल्या नाहीत.

"ह्याच खोलीत मी तीस वर्षं बसली," त्या म्हणाल्या. "पोत्यावर. मला कधी झोप लागली नाही. बाहेर कोण काय बिघडवून राहिलं, तेच ऐकत बसायची." मग आवाज बदलला. "आर्वीला पाठवत नाही. खरं बोलली म्हणून. पण ह्या खोलीत आता हे काही नको. बसायची जागा आहे, निजायची नाही. उशी धुऊन टाक, कुंदा. पोतं आण हिला."

वहिनींनी उशी स्वतःच उंबऱ्याबाहेर ठेवली. तिच्यावरची जांभळी फुले त्यांनी आतल्या बाजूला वळवली होती. बाटली मी परत घेतली नाही. ती आत्याबाईंनी पायाने नालीकडे लोटली.

वहिनी त्यानंतर चौदा वर्षे त्या घरात राबल्या. एकेचाळीस सालच्या श्रावणात गेल्या, चुलीपाशी नाही, तापाने, खाटेवर. मी त्यांना पुढे पुष्कळ वस्तू दिल्या: शाल, चष्म्याचे घर, गरम पाण्याची रबरी पिशवी. त्या सगळ्या त्यांनी नीट घडी घालून, पुसून ठेवल्या. तीन दिवस त्यांनी पुन्हा मागितले नाहीत. आणि आत्याबाईंनी मला पुन्हा कधी "वही काढ" म्हटले नाही. मागच्या खोलीच्या दाराशी त्या स्वतः दिवस मोजायला कोळशाने रेघा ओढू लागल्या.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी वही उघडली. काय काय लिहावे याचा थोडा वेळ विचार केला. शेवटी लिहिले ते असे:

शुक्रवार, १६ सप्टेंबर १९२७. मामंजींचे श्राद्ध. दिवसभर भुरभुर पाऊस, ऊन नाही. सावरीची उशी धुतली. कापसाचे गोळे झाले. पिळून माळ्यावर वाळत टाकली आहे.